वर्डमधला फोटो कागदावर येत नाही? आधी या चुका टाळा

"भाऊ, स्क्रीनवर तर दिसते न! मंग कागदावर काहून नाही येत?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. हा प्रश्न आठवड्यातून दोन-चारदा तरी कानावर येतो. कधी जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम उपक्रमाचा अहवाल घेऊन येतात, कधी बचत गटाच्या ताई, तर कधी पावसानं आडव्या झालेल्या कपाशीचे फोटो अर्जाला जोडायला आलेले एखादे काका. फोटो छापून आला नाही तर त्यांचा नुसता एक कागद वाया जात नाही. एसटीनं परत गावी जायचं, मुलाच्या मोबाइलमधून फोटो आणायचा, तोवर ऑफिसची वेळ संपते आणि दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटो आला नाही की तीच प्रिंट पुन्हा देणं. तिसऱ्यांदाही तेच होतं, मग प्रिंटर बंद-चालू करतात, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकतात, आणि दोष असतो फाइलमध्ये. फोटो नेमका कुठे गळतो हे आधी शोधा. कंट्रोल आणि पी दाबलं की उजवीकडे प्रीव्ह्यू दिसतो. त्यातच फोटो नसेल तर गडबड बहुतेक वर्डमध्ये आहे, प्रिंटरला हात लावू नका. प्रीव्ह्यूत आहे पण कागदावर नाही, तर प्रिंटरकडे वळा. या एका मिनिटाच्या तपासणीनं माझे अर्धे कागद वाचतात.

फोटो फाइलमध्ये नसतोच

आमच्याकडे सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. घरच्या लॅपटॉपवर अहवाल तयार होतो, पेनड्राइव्हवर फक्त वर्डची फाइल येते आणि दुकानात उघडली की फोटोच्या जागी रिकामी चौकट आणि लाल फुली. फोटो टाकताना 'इन्सर्ट' बटणाला लागून जो छोटा बाण असतो, त्यात 'लिंक टू फाइल' हाही पर्याय आहे. तो चुकून निवडला गेला की वर्ड फोटो जवळ ठेवत नाही, फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवतो. पत्ता घरच्या लॅपटॉपचा, मग दुकानात फोटो कुठून येणार? वेबसाइटवरून चित्र कॉपी करून थेट पेस्ट केलं तरी कधी कधी असंच होतं. इंटरनेट असेपर्यंत चित्र दिसतं, नेट गेलं की तेही गेलं.

ओळखायची खूण सोपी आहे. दहा फोटोंचा अहवाल आणि फाइल जेमतेम ४० केबीची असेल, तर फोटो आत नाहीत हे नक्की समजा. खात्री करायची तर फाइलची एक कॉपी करा, तिच्या नावाच्या शेवटी 'डॉकएक्स'च्या जागी 'झिप' लिहा आणि ती उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया'. फाइलमध्ये खरोखर साठवलेले सगळे फोटो तिथे असतात. मूळ फोटो मोबाइलमधून डिलीट झालेल्या एका मॅडमचे बारा फोटो मी याच फोल्डरमधून काढून दिले होते. त्यांची फाइल उघडत नव्हती, पण फोटो शाबूत होते.

उपाय मात्र घरच्या लॅपटॉपवरच करायला हवा, जिथे फोटो दिसतात. फाइल मेनूत 'इन्फो'वर जा, तिथे खाली उजवीकडे 'एडिट लिंक्स टू फाइल्स' दिसेल. त्यात 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट'वर खूण करा किंवा 'ब्रेक लिंक' दाबा. वेबवरून पेस्ट केलेलं चित्र असेल तर ते निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ दाबा. फक्त तेवढंच चित्र निवडा. अख्खी फाइल निवडून हे केलंत तर अनुक्रमणिकाही गोठते, आणि नंतर पानं बदलली तरी तिच्यातले आकडे बदलत नाहीत.

काही फोटो येतात, काही येत नाहीत

याची तक्रार घेऊन येणारा माणूस सर्वांत गोंधळलेला असतो. खरं तर इथे उत्तर पटकन सापडतं. ओळीत बसवलेले फोटो छापले जातात, आणि मजकुराच्या मागे-पुढे किंवा बाजूला मोकळे सोडलेले फोटो, चौकटी, बाण गायब होतात, असं दिसलं की फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले या वाटेनं जा. तिथे 'प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड' ही खूण काढलेली सापडेल. ती परत लावा. त्याच्याच खाली 'प्रिंट बॅकग्राउंड कलर्स अँड इमेजेस' असतं. २६ जानेवारीच्या प्रमाणपत्रांना पानाची पार्श्वभूमी म्हणून सुंदर चित्र लावलेलं असतं आणि छापताना पांढरा कागद निघतो, तो ही खूण नसल्यामुळे.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस रायटर, प्रिंट इथे 'इमेजेस अँड ऑब्जेक्ट्स'वर खूण हवी. शिवाय त्यात प्रत्येक चित्राच्या प्रॉपर्टीजमध्ये वेगळी 'प्रिंट' खूण असते, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आता फोटोची फक्त खालची पट्टी दिसते, बाकी कापल्यासारखा, ही तक्रार. फोटो खराब नाही, ओळींचं अंतर चुकलंय. पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' केलेलं असतं, म्हणजे ओळीची उंची बांधलेली, आणि फोटो तेवढ्याच उंचीत कोंबला जातो. 'सिंगल' करा, फोटो पूर्ण उघडतो. अर्जाचा जुना नमुना कॉपी करून त्यावरच लिहिणाऱ्यांकडे हे हमखास होतं, कारण नमुन्याबरोबर ते अंतरही येतं.

प्रीव्ह्यूत आहे, कागदावर नाही

आधी ड्राफ्ट, म्हणजे कमी शाईची फिकी छपाई, लावलेली आहे का बघा. शाई वाचवायची म्हणून कुणीतरी प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्राफ्ट किंवा टोनर सेव्ह लावून ठेवलेलं असतं. वर्डमध्येही ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड भागात, प्रिंट या मथळ्याखाली, 'यूज ड्राफ्ट क्वालिटी' आहे. दोन्हीकडची खूण काढा.

जुन्या छोट्या लेझर प्रिंटरमध्ये २ एमबी एवढीच मेमरी असू शकते. मोबाइलच्या मोठ्या कॅमेऱ्याचे सहा फोटो एका पानावर दिले की असा प्रिंटर अर्धं पान छापून थांबू शकतो. फोटो निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' करा, कागदावर छापायला २२० पीपीआय (एका इंचात २२० ठिपके) पुरेसं आहे. तरी अडलं तर फाइल पीडीएफ करा आणि अॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'अॅडव्हान्स्ड'मधून 'प्रिंट अॅज इमेज' लावा. त्यानं पानाचं चित्र कॉम्प्युटरच तयार करतो, प्रिंटरला फक्त ते उमटवायचं उरतं.

आणि इंकटँकवाल्यांनो, म्हणजे टाकीत शाई भरायचा प्रिंटर असणाऱ्यांनो, उन्हाळ्यात सांभाळा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, शाळेला सुट्टी लागते, प्रिंटर महिनाभर तसाच पडून राहतो आणि रंगीत शाई हेडमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागात, सुकते. जूनमध्ये काळी अक्षरं छान येतात पण फोटो फिका, पट्ट्यापट्ट्यांचा, किंवा एखादा रंगच नसलेला. तेव्हा वर्डची सेटिंग उलथीपालथी करू नका. प्रिंटरच्या सेटिंगमधून 'नोझल चेक' हे तपासणीचं पान छापा. रेघा तुटक आल्या तर एक-दोनदा 'हेड क्लीनिंग' करा, पण सारखं करू नका, त्यात बरीच शाई जाते. सुट्टीत आठवड्यातून एकदा रंगीत फोटोचं छोटं पान छापलं तर ही वेळच येत नाही.

लाइट गेल्यावर अडकलेली प्रिंट हे वेगळंच दुखणं. छापता छापता वीज जाते, ती जुनी फाइल रांगेत फसते आणि नंतरची कुठलीच प्रिंट निघत नाही. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर', म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल्स काढून टाका, फोल्डर राहू द्या, आणि स्पूलर परत सुरू करा.

दुकानात येणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं असतं. घरून निघताना वर्डच्या फाइलबरोबर तिची पीडीएफही आणा, आणि ती एकदा मोबाइलवर उघडून सगळे फोटो दिसतात का ते बघा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर अक्षरंही बिघडत नाहीत, कारण फॉन्ट सहसा पीडीएफमध्येच येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पानाचा स्क्रीनशॉट काढून पाठवू नका, तो कागदावर धूसर येतो आणि पंचनाम्याच्या फोटोत पिकाचं नुकसान दिसतच नाही.