मायक्रोवेव्हमधला केक बिघडतोय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की माझ्या फोनवर बिघडलेल्या केकचे फोटो यायला लागतात. मधे बसलेला, वरून फाटलेला, एका बाजूला कललेला, आणि खाली एकच ओळ, "ताई, काय चुकलं गं?" बारा वर्षं झाली मी कन्व्हेक्शनवाल्या मायक्रोवेव्हमध्ये केक करतेय. वेगळा ओटीजी, म्हणजे फक्त भाजायचा छोटा ओव्हन, ठेवायला ओट्यावर जागाच नाही, त्यामुळे केक, नानकटाई, कॅरॅमल कस्टर्ड, सकाळचं दूध आणि रात्रीची उरलेली भाजी सगळं याच एका डब्यात. आणि दरवेळी बघते तर शिव्या मशीनला पडतात आणि चूक निघते बटणाची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवेन.

सगळ्यात मोठी चूक, मोडची

या मशीनला मायक्रो, ग्रिल, कन्व्हेक्शन आणि कॉम्बी असे चार मोड असतात. केक होतो कन्व्हेक्शनवर. बाकी तिन्हीकडे बघू पण नका.

माझ्या धाकट्या जावेने नवीन मशीन आल्या आल्या पहिल्याच रविवारी कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक लावला. संध्याकाळी फोन, "ताई, अर्धा तास झाला, वरून पांढराच आहे, अजून दहा मिनिटं ठेवू का?" मी विचारलं, किती टेम्परेचरवर ठेवलायस? तर म्हणे टेम्परेचर कुठे विचारलं त्याने, मी तीस मिनिटं टाकून स्टार्ट दाबलं. मी ओरडलेच, अगं बंद कर आधी! तोवर तिच्याकडे जळका वास सुटला होता. केक कापला, कापला म्हणजे काय तर सुरी आपटली, तर बाहेरून फिकट आणि पोटात काळाकुट्ट कोळसा. भावजींनी त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, "आमच्याकडे वीटभट्टी सुरू केली आहे", आणि दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, बरोबरच केलं.

आता हे असं का होतं. मायक्रो मोडमध्ये लहरी थेट पदार्थातल्या पाण्याला तापवतात, आतली हवा गरम होतच नाही, म्हणून वरून रंग येत नाही. आपण रंगाची वाट बघत बसतो आणि आतलं पाणी संपून साखर जळायला लागते. कन्व्हेक्शनमध्ये हीटर हवा तापवतो, फॅन ती फिरवतो, आणि केक बाहेरून आत सावकाश भाजला जातो. मायक्रोमध्ये फक्त मगमधला केक करायचा, दीड-दोन मिनिटांचा, आणि तो पण लगेच गरम गरम खायचा, अर्ध्या तासाने त्याचं रबर होतं. "पाच मिनिटांत स्पंज केक" असले व्हिडिओ बघून जे करतात त्यांना मी काही सांगायला जात नाही, त्यांना केक नकोच असतो, त्यांना पाच मिनिटं हवी असतात.

यातूनच दुसरी गोष्ट, भांडं. अ‍ॅल्युमिनियमचा टिन कन्व्हेक्शनला चालतो, मायक्रोला नाही, आणि कॉम्बीत मायक्रो पण चालू असतो म्हणून तिथेही नाही, ठिणग्या उडतात. आणि प्रीहीट, म्हणजे केक ठेवायच्या आधी मशीन तापवणं, ते मायक्रो मोडवर रिकामं करायचं नाही! आत काही नसलं की लहरी शोषायला कोणी नसतं आणि मार खातं ते मशीन. एका मैत्रिणीने दहा मिनिटं रिकामं फिरवलं होतं, "प्रीहीट करा असं लिहिलेलं" म्हणून.

प्रीहीट आधी, पीठ नंतर

बहुतेक जणी आधी सगळं कालवून ठेवतात आणि मग आठवतं, अरे मशीन तापवायचंय. १८० डिग्रीला पोचायला आठ-दहा मिनिटं तर लागतातच. तोवर सोडा दह्याशी किंवा व्हिनेगरशी भांडून मोकळा झालेला असतो, टिनमध्ये जातं ते दमलेलं पीठ. इनो घालणाऱ्यांनी तर अजिबात थांबायचं नाही, त्याचा फेस म्हणजे तेवढाच जीव. माझी सवय सांगते, मैदा चाळायच्या आधी मशीन ऑन, टिनला तूप-मैदा लावून तयार, आणि ओलं-कोरडं एकत्र करायचं ते मशीन बीप बीप करायला लागल्यावरच. बीप झाल्यावर टिन आत ठेवून वेळ टाकून परत स्टार्ट दाबायचं असतं हे पण बऱ्याच जणी विसरतात, पाऊण तासाने उघडतात तर आत कोमट खीर.

रेसिपीत १८० लिहिलंय म्हणून आंधळेपणाने १८० लावू नका. बऱ्याच रेसिप्या साध्या ओव्हनच्या असतात, आपल्याकडे फॅन आहे, म्हणून मी वीस डिग्री कमी करते. सात इंची टिन असेल तर १६० वर साधारण चाळीस मिनिटं, पस्तिसाव्या मिनिटाला मधोमध विणायची सुई घालून बघते, सुईला चिकट पीठ लागलं की अजून पाच मिनिटं. जास्त तापलं की वरची साल लवकर कडक होते, आतला केक वर यायला बघतो आणि मग डोंगर होऊन फाटतो. तो फाटलेला फोटो मला पाठवायचा नाही, उत्तर इथे दिलंय.

मावा केकला तर हे दुप्पट लागू. मुंबईत ग्रँट रोडच्या मेरवान या इराणी बेकरीसारखा मावा केक घरी करायचा असतो सगळ्यांना, पण माव्यातली दुधाची साखर पटकन लाल होते, वीस मिनिटांत वरून काळपट आणि आत कच्चा. खालच्या जाळीवरच ठेवायचा, उंच जाळी ग्रिलची आहे, तिथून हीटर अगदी डोक्यावर येतो. रंग आला की वरून फॉइल झाका, कडा टिनखाली घट्ट दुमडून, नाहीतर फॅन उडवतो. परत सांगते, फॉइल फक्त कन्व्हेक्शनलाच.

दार उघडू नका

हा गुन्हा मी स्वतः केलाय. लग्नानंतरचा नवऱ्याचा पहिला वाढदिवस, व्हॅनिला स्पंज, काचेतून मस्त फुगलेला दिसत होता, आणि मला राहवेना, पंधराव्या मिनिटाला दार उघडून सासूबाईंना दाखवला. "बघा ना आई!" त्या बघेपर्यंत तो खाली बसला. अंडं आणि मैदा आतून घट्ट व्हायच्या आधी केक नुसत्या बुडबुड्यांवर उभा असतो, गार हवा लागली की संपलं. त्या खड्ड्यात मी क्रीम आणि अननसाचे तुकडे भरले आणि सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, सुनेने मधे सारण भरायची नवी पद्धत काढलीय. मी पण गप्प बसले. आता पहिली पंचवीस मिनिटं मी स्वयंपाकघरातच थांबत नाही, थांबलं की हात शिवशिवतात.

आता पटापट.

वाटी म्हणजे कप नाही. कप २४० मिलीचा, मैदा त्यात साधारण १२५ ग्रॅम बसतो, तुमची आमटीची वाटी किती मिलीची आहे ते तुम्हाला तरी माहितीय का? वजनकाटा घ्या, दोन केक वाया गेले की त्याचे पैसे वसूल.

बेकिंग पावडर गेल्या दिवाळीची असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाका, फसफसली नाही तर फेका. सोडा लिंबावर तपासा.

चौकोनी टिन आत फिरतो का ते रिकामाच ठेवून आधी बघा, भिंतीला अडला की केक एका बाजूने करपणार.

रव्याचा केक करताना रवा दह्यात निदान वीस मिनिटं भिजू दे. भिजवायला वेळ नसेल तर उपमा करा.

मैदा घातल्यावर बीटर बंद. चमच्याने हलक्या हाताने, गुठळी राहिली तर राहिली, जास्त घोटलं की केक चिवट होतो.

कस्टर्डला भोकं पडतात कारण अंडं उकळलं जातं. मोठ्या भांड्यात गरम पाणी घालून त्यात कस्टर्डचं भांडं ठेवा, कन्व्हेक्शन १५०, आणि मधे थोडं थरथरत असतानाच बाहेर काढा. नारळाची वडी मायक्रोत छान होते, पण थोडी ओलसर असतानाच थांबायचं, बंद केल्यावरही ती शिजत असते. आणि चिकाशिवायचा खरवस मी कुकरमध्ये शिटी न लावताच करते, मशीनमध्ये दोनदा फाटला, सगळं तिथेच व्हायला पाहिजे असं कुणी सांगितलंय.

वासाचं पण बघा. आदल्या दिवशी आत बोंबील भाजलेत आणि आज व्हॅनिला केक, हे आमच्याकडे झालंय, मुलांनी तो केक मांजराला दिला आणि मांजराने खाल्ला. वाटीत पाणी आणि अर्धं लिंबू, मायक्रोवर तीन मिनिटं, पाच मिनिटं दार बंदच ठेवायचं, मग आतून पुसायचं.

एक्स्टेन्शन वायरवर चालवू नका, कन्व्हेक्शन जास्त वीज खेचतं, त्याला १६ अँपियरचा जाड पिनांचा सॉकेटच हवा. आणि केक बाहेर काढल्या काढल्या मागचं बटण खटकन बंद करू नका, फॅन आतलं गार करत असतो, त्याचा तो थांबेल. तोवर केक टिनमध्ये दहा मिनिटं, मग जाळीवर, आणि क्रीम लावायचं ते पूर्ण गार झाल्यावर. पाहुणे आलेत म्हणून गरम केकवर क्रीम थापलं तर ताटात ओघळ येणार, त्याचाही फोटो नको.