आठवण करून देणारी एक ओळ: टर्मिनलमधला टायमर

काम करताना दहा मिनिटांनी आठवण हवी असेल, तर फोन हातात घेऊ नका. तो घेतला की लक्ष गेलंच. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत (तिलाच टर्मिनल म्हणतात), 'टाइमआउट /टी 600' टाइप करा (अक्षरं अर्थातच रोमन). उरलेले सेकंद समोर उलटे मोजले जातात. अडचण एकच: चुकून कुठलीही कळ दाबली गेली की मोजणी तिथेच संपते. म्हणून शेवटी '/नोब्रेक' जोडायची सवय लावाच. मग ती फक्त कंट्रोल-सी दाबल्यावर थांबते. कमाल आकडा 99999 सेकंद, म्हणजे 27 तासांहून जास्त.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये यासाठी 'स्लीप' ही कमांड आहे. तिला '10एम' असं मिनिटांतही सांगता येतं, पण ती उलटी मोजणी दाखवत नाही आणि वेळ संपली तरी गप्पच राहते. त्यामुळे तिच्यापुढे '&&' लिहून 'नोटिफाय-सेंड' आणि अवतरणचिन्हांत तुमचा निरोप द्या. बहुतेक डेस्कटॉपवर तो कोपऱ्यात झळकतो, आणि निरोप मराठीत लिहिला तरी चालतो! 'वेळ झाली' एवढंच लिहू नका, 'गॅस बंद कर' असं नेमकं लिहा. कामात बुडालेल्या माणसाला टायमर कशासाठी लावला होता तेच आठवत नाही.

मॅकवर स्लीपला सेकंदच द्यावेत, म्हणजे जुन्या मशीनवरही चालतं. पुढे नोटिफाय-सेंडऐवजी 'से' वापरा, ती निरोप मोठ्याने बोलून दाखवते.

लॅपटॉप मात्र जागा ठेवा. लिनक्सवर तो सस्पेंड झाला की स्लीपची मोजणीही थबकते आणि आठवण तेवढीच उशिरा येते.