व्हिटॅमिन सी सीरम तांबूस पडत होतं, ते असं थांबवलं

१५ टक्के एल-अॅस्कॉर्बिक अॅसिडचं (म्हणजे व्हिटॅमिन सीचं) सीरम बाटलीत भरल्यावर आधी पिवळसर, मग चहाच्या रंगाचं होत होतं. हवा, उजेड आणि पाण्यातले लोह-तांब्याचे अंश ही ऑक्सिडेशनची तीन कारणं. तिसऱ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

म्हणून डीमिनरलाइज्ड पाण्यात आधी धातूंचे अंश बांधून ठेवणारं ०.१ टक्के डायसोडियम ईडीटीए विरघळवलं, अॅस्कॉर्बिक त्यानंतर. व्हिटॅमिन सी टिकवायला घातलेलं ०.५ टक्के फेरुलिक अॅसिड थंड पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी कण बसतात. ते आणि १ टक्का व्हिटॅमिन ई वेगळ्या भांड्यात इथॉक्सीडायग्लायकॉल (द्रावक) व पॉलिसॉर्बेट ८० (तेल-पाणी एकत्र धरणारा घटक) मध्ये विरघळवून शेवटी मिसळलं. स्टरर मंद ठेवला. भोवरा पडला की हवा आत ओढली जाते. सोडियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालून पीएच ३.० वर आणला. ३.५ च्या वर गेला तर अॅस्कॉर्बिक अॅसिड त्वचेत नीट शिरत नाही. पीएच कागदावर विसंबू नका, बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) कॅलिब्रेट केलेला मीटरच वापरा.

ड्रॉपरऐवजी अपारदर्शक एअरलेस पंप (आत हवा न घेणारा) घेतला. टिकाऊपणा तपासायला ४० अंश सेल्सिअसवर ठेवलेला नमुना फ्रिजमधल्या नमुन्याशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवला की रंगातला फरक लगेच कळतो.

लेबलवरचं ‘वांग बरे करते’ काढून ‘त्वचा उजळ दिसण्यास मदत’ केलं. रोग बरा करण्याचा दावा केला की माल औषधात मोडतो, आणि कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० खालचा कॉस-८ परवाना (सौंदर्यप्रसाधनं बनवण्याचा) त्याला पुरत नाही.