फ्युएल पंप बदलायला घेण्याआधी

स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही, आणि किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून येणारी फ्युएल पंपाची, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाची, घरघरही आज ऐकू येत नाही. अशा वेळी पहिला विचार येतो तो नवा पंप आणण्याचा. मीही एकदा तेच केलं. गाडी आठवडाभर चालली आणि पुन्हा तशीच उभी राहिली. खोट होती कार्पेटखालच्या गंजलेल्या अर्थिंगच्या, म्हणजे मायनस वायर बॉडीला जोडणाऱ्या, बोल्टात. माझ्या ओढाताणीत तो काही दिवस धरला होता, एवढंच. तेव्हापासून माझ्या यादीत पंप सगळ्यात शेवटी येतो. हे सगळं पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीबद्दल आहे. डिझेलचं गणित वेगळं.

आधी टाकीत पेट्रोल आहे का ते पाहावं. हसू नका, काटा दाखवणारा फ्लोट बहुतेक गाड्यांत पंपाच्याच असेंब्लीवर असतो, त्यामुळे काट्यावर डोळे झाकून विश्वास टाकता येत नाही. चार-पाच लिटर ओतून बघायला काही जात नाही. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत नाही ना, तेही बघून घ्यावं. मग फ्यूज काढून पाहावा: तार तुटली आहे का, आणि पाती तपकिरी पडली आहेत का. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा कधीच घालू नये, वायर जळेल. रिले म्हणजे पंपाला करंट देणारा विजेवरचा स्विच. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, तिथं लावून बघणं. काही गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. त्याचं बटण एकदा दाबून पाहावं.

किल्ली ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो, हे बरोबरच आहे. पुढे तो सुरू ठेवायला ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इंजिन फिरतंय असा सिग्नल लागतो. म्हणून घरघर येते पण गाडी पकडत नाही, तर संशय तो सिग्नल देणाऱ्या क्रँक सेन्सरवरही जायला हवा. आणि सिग्नल ठीक असेल, तर पंपाचा आवाज येतो म्हणून प्रेशर येतंच असं नाही. गेज लावून मोजावं. साध्या पोर्ट इंजेक्शनला (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर फवारणाऱ्या) साधारण ३ ते ४ बार लागतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. प्रेशर कमी असेल तर तुंबलेला फिल्टर आणि प्रेशर बेतात ठेवणारा रेग्युलेटरही गुन्हेगार असू शकतात.

आता वायरिंग. इथं घाई करणारा फसतो, आणि फसवतो तो मल्टिमीटर. पंपाचा कपलर (वायर जोडणारा प्लग) काढून मोजलं तर मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. वायरच्या आतले सगळे धागे तुटून एकच उरला असला, तरी आकडा तोच. पंप मात्र पाच-सहा अँपिअर ओढतो. वाटेत कुठं अर्ध्या ओहमचा गंज बसला असेल तर ६ अँपिअरला ३ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात, आणि पंप बिचारा नऊ-साडेनऊवर रडतो. म्हणून हत्यारांच्या यादीत २१ वॅटचा साधा फिलामेंट बल्ब आणि होल्डर हवाच. एलईडी चालणार नाही. तो कपलरच्या दोन टोकांना लावून किल्ली ऑन करावी. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर दोष पंपाच्या अलीकडे आहे. लख्ख पेटला तरी वायरिंगला लगेच पास करू नये, बल्ब दोन अँपिअरसुद्धा घेत नाही. कपलर पुन्हा जोडून, पंप चालू असताना मागून पिना घालून मोजावं: बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको, अर्थिंगच्या बाजूला ०.२ च्या आतच. हल्लीच्या काही गाड्यांत पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल ठरवतो. तिथं हे आकडे लागू नाहीत, आधी वायरिंगचा नकाशा मिळवावा. ही सगळी तपासणी टाकी बंद असतानाच उरकायची, कारण उघड्या टाकीजवळ एक ठिणगीही नको.

कपलरची पिन काळी पडली असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तर नुसतं पॉलिश पेपर मारून भागत नाही. वायरसकट नवा कपलर आणावा, क्रिंप करायचा (पिन वायरवर दाबून बसवायचा) चिमटा आणि गरम केल्यावर आवळणाऱ्या श्रिंक स्लीव्ह हाताशी ठेवाव्यात. टाकीच्या आतला पाइप बदलायचा झाला, तर पेट्रोलात बुडून राहू शकेल असाच हवा, म्हणजे एसएई जे३०आर१० दर्जाचा. बाहेरचा इंजेक्शन पाइप आत घातला की तो कुजतो.

पंप काढायचं ठरलं तर टाकी पाव भागापेक्षा कमी असू द्यावी. जागा मोकळ्या हवेतली, जवळपास पायलट ज्योत किंवा हीटर नको, पेट्रोलची वाफ जड असते आणि जमिनीलगत सरपटत जाते. अग्निशामक, चष्मा, नायट्राइल हातमोजे, डोक्याला लावायचा एलईडी दिवा, चिंध्या, पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन हे सगळं हाताशी हवं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. इंजिन सुरूच होत नसेल तर जोडावर चिंधी गुंडाळून सावकाश सोडावं. नंतर बॅटरीची मायनस तार काढावी. सीटखालच्या झाकणाभोवतीची धूळ टाकी उघडण्याआधीच ब्रशने झाडावी, नाहीतर ती थेट आत जाते. पंपाची असेंब्ली टाकीवर धरून ठेवणारी लॉक रिंग फिरवायला लाकूड किंवा पितळ, लोखंडी छिन्नी-हातोडी नाही. असेंब्लीची दिशा मार्करने खुणावून मोबाइलवर फोटो काढावा. उचलताना फ्लोटचा दांडा वाकवू नये. वाकला की काटा जन्मभर खोटं बोलतो.

नव्या पंपाबरोबर त्याच्या तोंडावरची गाळणीची जाळी आणि रबरी सील नवंच. जुनं सील पेट्रोलने फुगलेलं असतं, ते पुन्हा खाचेत बसत नाही. नवा पंप कोरडा चालवून बघण्याचा मोह टाळावा, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. सगळं बसवून बॅटरी जोडली की किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करावी, प्रेशर भरतं, मग जोड कोरडे आहेत का पाहून स्टार्टर मारावा. सीट लगेच बोल्ट करू नये. सील टाकीच्या माथ्यावर असतं, त्यामुळे अर्धी टाकी असताना गळती कळतच नाही. एकदा टाकी भरून थोडं चालवून यावं, झाकण उचलून वास घ्यावा, कपलर हाताला तापलेला लागतो का ते बघावं, आणि मगच सीट बसवावी.