मुलाचे लक्ष टिकत नसेल, तर आहाराची तपासणी कशी करावी

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार, केवळ आहाराने बरा होत नाही. तरीही काही मुलांमध्ये डब्यातल्या पदार्थांमुळे लक्षणे कमी-अधिक होतात, आणि ते पदार्थ कोणते हे घरी शिस्तीने तपासता येते.

प्रथम दोन आठवडे काहीही न बदलता वहीत नोंद ठेवावी : मुलाने काय व किती वाजता खाल्ले, रात्री किती झोपले, गृहपाठाला सलग किती वेळ बसले. शाळेतील बाईंकडूनही आठवड्याला दोन ओळी घ्याव्यात, कारण आपला संशय आपल्या नोंदींत नकळत उतरतो. साखरेचेच पाहा. वाढदिवसाला गोड खाऊन मुले धुडगूस घालतात, असे आपण ठामपणे म्हणतो. पण कोणते पेय साखरेचे हे मुले आणि पालक दोघांनाही न सांगता केलेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 1995 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वागण्यात फरक आढळला नाही. दातांसाठी साखर कमी करावीच, लक्ष सुधारेल या आशेने मात्र नव्हे.

कृत्रिम रंगांवरील संशयाला अधिक आधार आहे. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी 2007 मध्ये तीन आणि आठ-नऊ वर्षांच्या सर्वसाधारण मुलांना असे रंग व सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवणारे रसायन घातलेले पेय दिले, तेव्हा चंचलता काहीशी वाढलेली दिसली. 2010 पासून युरोपीय संघात त्यातील सहा रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडे वेष्टनावर 102, 110, 122 आणि 124 हे क्रमांक शोधावेत. असा खाऊ तीन आठवडे पूर्ण थांबवावा, मग पुन्हा देऊन वही ताडून पाहावी, आणि फरक नसेल तर बंदी उठवावी. दूध, गहू, अंडी एकदम बंद करण्याचा प्रयोग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीविना करू नये. त्यात वाढीचेच नुकसान होते.

लोहाकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. त्याच्या कमतरतेनेही एकाग्रता ढासळते, म्हणून बालरोगतज्ज्ञांना विचारून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिनही तपासावे. गोळ्या मनाने सुरू करू नयेत. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणालगत चहा देऊ नये. ओमेगा-3 या माशांत असणाऱ्या स्निग्धाम्लांचा परिणाम दिसलाच तर अल्प असतो. मासे खाणाऱ्या घरात बांगडा किंवा तारली पुरे.

मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध चालू असेल तर दुपारची भूक मंदावते आणि डबा तसाच परत येतो. अशा वेळी रागावण्यापेक्षा गोळीआधी थालीपीठ-दही किंवा अंडे-पोळी अशी भरपेट न्याहारी द्यावी, रात्री भूक परतल्यावर पुन्हा जेवू घालावे आणि वजन-उंचीची नोंद डॉक्टरांना दाखवत राहावे.