मुद्राचित्र घ्यावं कसं, आणि कोकणातल्या पावसात टिकवावं कसं

ब्रिटिश चित्रकार ट्रेसी एमिनचं काम म्हणजे उघडी ठेवलेली डायरी. १९९८ च्या ‘माय बेड’मध्ये तिने आपला विस्कटलेला पलंग जसाच्या तसा मांडला, २०१४ च्या लिलावात तो २५ लाख पौंडांवर गेला. पलंग परवडणार नाही, पण अशा आत्मकथनपर चित्रकारांची मर्यादित आवृत्तीतली मुद्राचित्रं (पत्र्यावरून किंवा ठोकळ्यावरून कागदावर छापलेली चित्रं) त्या मानाने आवाक्यात येतात.

घेताना आधी खालची कड बघा. पेन्सिलीत ‘१२/५०’ असेल तर पन्नासातलं बारावं. ‘एपी’ म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती. त्या पन्नासाबाहेर असतात, म्हणून एकूण किती काढल्या ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. छोटा आकडा म्हणजे भारी प्रत, हा बहुतेक वेळा गैरसमज. ड्रायपॉइंटचं, म्हणजे पत्र्यावर सुईने थेट कोरून छापलेल्या चित्राचं, मात्र वेगळं: कोरताना उठलेली नाजूक कड दर छपाईला झिजते, त्यामुळे सुरुवातीच्या प्रती गडद येतात. सही तिरप्या उजेडात धरा. पेन्सिलीचं शिसं चमकतं, छापलेली सही चमकत नाही. भिंगातून रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर ते ऑफसेट पोस्टर असण्याचीच शक्यता जास्त.

एमिनच्या मोनोप्रिंटमध्ये काही अक्षरं उलटी आणि स्पेलिंग चुकलेलं दिसतं. शाई लावलेल्या पत्र्यावर कागद ठेवून पाठीमागून लिहिलं की अक्षर आरशासारखं उमटतं. तिने ते तसंच राहू दिलं. तो दोष नव्हे. मोनोप्रिंट एकच असतं, त्यावर ‘१२/५०’ दिसलं तर विक्रेत्याला खुलासा विचारा.

आता खरं काम. बुरशीला ६५-७० टक्के आर्द्रता पुरते आणि आपल्याकडे आषाढात ती ८५ च्या वर असते. म्हणून फ्रेम जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करून घ्या. आगोटीच्या (पावसाआधीच्या) घाईत बंद केलेली फ्रेम आतला ओलावा आतच कोंडते, आणि गणपतीला पाहुणे येईपर्यंत कागदावर तांबूस ठिपके उठलेले असतात. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: माउंट (चित्राचा आधाराचा पुठ्ठा) आम्लरहित, चित्र फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायचं, सेलोटेप नाही, मागे प्लायवूड नाही. काच चित्राला टेकली की ओल्या हवेत कागद चिकटतो, म्हणून मधे ३ ते ५ मिलिमीटर जागा हवी. तार आणि खिळे स्टेनलेस स्टीलचे. खारा वारा साध्या खिळ्याला दोन पावसाळे पुरू देत नाही.

जांभ्याची पश्चिमेकडची बाहेरची भिंत चित्रासाठी नाहीच. माजघराची आतली भिंत घ्या आणि फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, वारा खेळतो. ओटीवर ऊन येतं. तिथे रंग उडतात.

जे टांगायचं नाही ते आम्लरहित फोल्डरमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवायचे. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ नकोत. कसर लागते ती खळीसाठी, म्हणून फ्रेमची पाठ कागदी टेपने सगळीकडून बंद करा.

बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती तंतूंत जाते. चित्र इतरांपासून वेगळं करा, पंख्याच्या झोतात न धरता कोरड्या खोलीत ठेवा, फोटो काढा आणि कागदाच्या संवर्धकाला दाखवा.