सस्टेनेबिलिटीचं मायनर घेताय? मग फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

बीकॉमला मायनर (म्हणजे मेजर या मुख्य विषयासोबत घ्यायचा दुसरा, छोटा विषय) निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या अर्ध्या वर्गाने सस्टेनेबिलिटी घेतलं, कारण काय तर "सोप्पंय रे, झाडं लावायची, फोटो काढायचे, मार्क घ्यायचे". मीपण त्यातलाच. पहिल्याच सेमला पाण्याचा हिशोब करायला लावला तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

आधी एक घोळ मिटवू. सगळ्यांना कंपल्सरी असतं ते ईव्हीएस (पर्यावरण अभ्यास) वेगळं आणि हे मायनर वेगळं. ईव्हीएसचं मूळ पर्यावरणाच्या केस लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९१ साली दिलेल्या आदेशात आहे आणि तो छोटासा पेपर असतो, एकदा दिला की सुटलात. मायनर मात्र डिग्रीभर पुरतं. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या डिग्रीला १२० क्रेडिट आहेत, त्यातले २४ मायनरचे. प्रत्येक युनिव्हर्सिटीत हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, त्यामुळे सीनियरचं ऐकू नका (माझंसुद्धा), आपल्या कोर्सची पीडीएफ उघडून बघा.

आता पेपर कसे निवडायचे. माझं सरळ मत आहे की तीन खिशातून घ्या: एक विज्ञानाचा, एक समाज-कायद्याचा, एक पैशाचा. सगळे एकाच डिपार्टमेंटचे घेतले तर मग ते मायनर कसलं, दुसरं मेजरच झालं ना. हे का म्हणतोय ते कळायला पश्चिम घाट घ्या. तो कसा जपायचा यावर दोन सरकारी समित्या झाल्या: माधव गाडगीळ समितीचा रिपोर्ट २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. डोंगर तेच, पण गाडगीळांनी अख्खा घाट संवेदनशील धरून तीन झोन पाडले आणि ग्रामसभेला विचारा म्हटलं, तर कस्तुरीरंगननी साधारण ३७ टक्केच भाग संवेदनशील धरला. हे का झालं ते नुसत्या इकॉलॉजीने समजत नाही, तिथे खाणी, शेती, मतं सगळं येतं. दोन्ही रिपोर्टचे सारांश समोरासमोर ठेवून वाचा, एका वीकेंडचं काम आहे.

पैशाचा पेपर कॉमर्सवाल्यांनी तर सोडूच नका. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून मार्केट कॅपने टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा, जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटीचा रिपोर्ट कंपल्सरी केलाय, त्यात वीज, पाणी, कचरा, कामगार सगळ्याचे आकडे द्यावे लागतात. आवडत्या कंपनीचा काढा आणि पाण्याचं पान शोधा, बाकी नंतर.

आणि प्रोजेक्ट! इथे बहुतेक जण "जनजागृती पोस्टर" करून मोकळे होतात. नका करू. काहीतरी मोजा. मी हॉस्टेलच्या मेसमध्ये उष्ट्याच्या बादलीला ताणकाटा लावून दोन आठवडे वजन घेतलं. पहिल्या दिवशी काकांना वाटलं मी तक्रार करायला आलोय, ते बोलेचनात, चौथ्या दिवशी मात्र तेच हाक मारायला लागले, "अरे आज भात बघ किती गेलाय". मोजताना बादलीचं वजन आधी वजा करायचं असतं, ते मी पहिले दोन दिवस विसरलो, म्हणजे ते दोन दिवस वाया. भात, पोळी, भाजी वेगळ्या बादल्यांत घेतलं तरच काही कळतं, एकत्र घेतलं तर नुसता आकडा मिळतो आणि त्याचं काय करायचं ते कोणालाच समजत नाही.

मेस नसेल तर गच्ची मोजा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी, बस, एवढंच सूत्र. १०० चौरस मीटर गच्ची आणि वर्षाला ७०० मिमी पाऊस म्हणजे ७०,००० लिटर, त्यातलं थोडं उडून-सांडून जाणार ते धरा. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या गावाने पाण्याचं बजेट मांडलं तेही याच तत्त्वावर, आधी पाऊस किती पडला ते बघायचं आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं.

शेवटचं, कंटाळवाणं पण महत्त्वाचं: मायनरची लेक्चर्स बऱ्याचदा सकाळी सातला नाहीतर मेजरच्या प्रॅक्टिकलवरच येतात. आमच्याकडे तेच झालं आणि चार जणांची अटेंडन्स गेली. दोन्ही टाइमटेबल हातात घेऊनच कोऑर्डिनेटरकडे जा, आणि क्लॅश असेल तर तो पेपर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर आहे का आणि त्याचे क्रेडिट इथे धरतात का, हे तिथल्या तिथे लेखी विचारून घ्या.